सेटिंगवाले सर

विलास,

तू गेल्यापासून माझी गिटार वाजेनाशी झाली आहे, आणि हे कुणाला सांगायला गेलो की समोरचा माणूस माझ्या पाठीवरून हात फिरवतो. "होतंय असं," म्हणतो, "जिवलग गेला की हात उठत न्हाई." अरे, हात उठतो की माझा! हात ठणठणीत आहे. आवाजच तू घेऊन गेलास, त्याला मी काय करू?

तुझ्या फोटोला हार घातलेला असताना तुझ्याशी भांडणं बरं दिसत नाही. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते मला एकट्याला पुरं करता येत नाही. ज्या शपथेत तू मला बांधून ठेवलंस ती सोडवायला तरी थांबायचं होतंस. आता लातुरात, चाकुरात, पार बिलोलीपर्यंत मी गिटारवाला बालाजी आहे, आणि ह्या नावातून बाहेर पडायची वाट फक्त तुला ठाऊक होती.

नांदेडला एका खोलीत राहत होतो तेव्हा ती गिटार आपण दोघांनी मिळून घेतली. आठवडाभर तू वाजवलीस, आठवडाभर मी. तारांनी बोटं सोलून निघाली आणि शेजारच्या खोलीतला पोरगा दार वाजवून विचारून गेला की पत्रा कापून राहिलात का. तेव्हापासून तिचा उपयोग फोटो काढण्यापुरता. पुढं तू लातूरला क्लासमध्ये गणिताचा सर झालास, मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, आणि गिटार माझ्या दुकानात जळालेल्या पंपांच्या वर खिळ्याला टांगलेली राहिली. तू तिला विसरलास असंच मला वाटायचं.

मग एकदा नांदेडहून येताना एसटीत तू माझ्या कानात इअरफोनचं एक टोक खुपसलंस. आत कुणीतरी गिटार वाजवत होतं. सावकाश, मोकळ्या हातानं, अगदी जवळ बसून वाजवावी तशी. मी म्हणालो, "कोण आहे रे?" तू मांडीवरचा मोबाईल दाखवलास. पडद्यावर सहा तारा आडव्या काढलेल्या, डाव्या बाजूला कॉर्डची, म्हणजे सुरांच्या जुळण्यांची, बटणं. डाव्या अंगठ्यानं बटण धरायचं, उजव्या हाताचं बोट तारांवरून ओढायचं. गाडी खड्ड्यात आदळत होती, कंडक्टर तिकिटासाठी पंचानं सीट ठोकत होता, आणि तू बोट ओढत होतास. तुला कुणी वाजवताना पाहिलंच नाही, म्हणून तू इतका चांगला शिकलास असं मला आजही वाटतं. खोलीत गिटार वाजवली असती तर घरमालकानं हाकललं असतं. काचेवर वाजवलेलं कुणाला ऐकू जाणार?

त्या ॲपमध्ये आपोआप तालात वाजायचं बटणही होतं. ते तू कधी दाबलं नाहीस. "हे दाबलं की कुणीबी वाजवतंय," म्हणायचास. तुला आवाज माणसाच्या हातचा हवा होता, आणि त्यासाठी तू जे उद्योग केलेस ते गणिताच्या मास्तरलाच सुचावेत. वरून खाली येताना हात सगळ्या तारांवरून जातो, पण खालून वर जाताना बारीक तारांनाच लागून सुटतो, हे तू मला माझाच हात धरून दाखवलंस. कॉर्ड बदलताना खऱ्या माणसाची बोटं उचलली जातात, तेवढी एक फट राहते. ती फट तू मुद्दाम ठेवायचास. तारेवर बोट घसरल्याचा किर्र आवाज त्या ॲपमध्ये आयता मिळायचा, तो तू बंद करून टाकलास. का, तर दरवेळी एकाच जागी करकरतो. "माणूस इतका नेमानं चुकत न्हाई बाला," म्हणालास. मला त्यातलं निम्मं कळलं. पण ऐकताना कळायचं.

चाकूरला माझ्या चुलत बहिणीच्या हळदीत सगळं सुरू झालं. गाण्याचा कार्यक्रम ठेवलेला, गाणारा आला, ढोलकीवाला आला, गिटारवाला आलाच नाही. नवऱ्याकडच्यांनी गिटारीचा धोशा लावलेला. त्यांना गिटार दिसली पाहिजे होती. तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं. तासाभरात दुकानातून गिटार आली. तिचा स्वतःचा आवाज निघू नये म्हणून तारांखाली गादीतला स्पंज कोंबला, तिला एक वायर लावून ती सतरंजीखाली सोडून दिली, आणि तुझ्या मोबाईलची वायर मिक्सरला गेली. ब्लूटूथवर आवाज जरा उशिरा येतो, म्हणून तू वायरीशिवाय वाजवायचा नाहीस. मी पुढं उभा राहून हात हलवला, तू स्पीकरच्या आडोशाला स्टुलावर बसून वाजवलंस. लोक खूश. मीही खूश. त्या दिवशी ती गंमत होती. पुढच्या महिन्यात त्याच गमतीची सुपारी आली, आणि हे कुणालाच सांगायचं नाही अशी शपथ तू मला घातलीस.

मी तुझ्या अंगठ्याकडं बघून हात हलवायचो हे बाहेर कुणाच्या लक्षात आलं नाही. वाजवायच्या आधी तुझा डावा खांदा जरासा वर व्हायचा. तो खांदा मला इतका पाठ झाला होता की तू क्लासला जायला गाडीला किक मारलीस तरी माझा हात हलायचा.

आणि लोकांना तू काय करतोस वाटायचं? एकदा भर गाण्यात तुझा फोन वाजला. क्लासच्या कुठल्या तरी पालकाचा. सगळ्या स्पीकरमधून ती रिंगटोन, आणि माझ्या गळ्यात गिटार. आपला साउंडवाला मुजीबभाई, ज्याला गिटार मोबाईलमधून फिरून मिक्सरला जाते असंच वाटायचं, माईकवरूनच बोलला, "घाबरू नका, सर मोबाईलवरून सेटिंग करते!" संपलं. तेव्हापासून तू सेटिंगवाले सर. आजकाल हातात मोबाईल असलेला माणूस काही काम करत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. गाणारे म्हणायचे, सरांना सांगा जरा एको वाढवा. तू मान डोलवायचास आणि वाजवत राहायचास.

त्यानंतर कार्यक्रमाला बसलास की तू फोन विमानाच्या चिन्हावर टाकून ठेवायचास. कुणाचा फोन येऊ नये म्हणून. पण त्यात वहिनींचाही यायचा नाही, हे तुझ्या गणितात बसलं नाही का रे?

बिलोलीचं लग्न आठव. तुझं गाव, वहिनी पहिल्या रांगेत. नवरदेवाच्या आजोबांनी माईक मागून घेतला आणि डोळे मिटून त्यांच्या जवानीतलं कसलंसं गाणं म्हणायला लागले. ना ताल, ना सूर एका जागी. मधेच थांबत होते, श्वास घेत होते, विसरत होते. ढोलकीवाल्यानं हात वर केले. तू नाही केलेस. म्हातारा थांबला की तू थांबायचास, एकच तार हलकी सोडायचास, की बाबा, मी आहे इथंच, तुम्ही या सावकाश. म्हातारा आला की त्याच्या पायात पाय न अडकवता बरोबर चालायचास. मी हात कसा हलवत होतो मला ठाऊक नाही, मला रडू येत होतं. गाणं संपल्यावर आजोबा उठून आले आणि त्यांनी मला मिठी मारली. मला! डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. तू खाली वाकून वायरी गुंडाळत होतास. आणि समोरून वहिनी तुला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एवढं चांगलं गाणं चालू होतं, तवा तरी मान वर करून बघावं माणसानं. सारखा मोबाईल!"

तू हसलास. परतताना गाडीत तो टॉवेल गळ्यात घालून आरशात बघत बसलास. तेव्हाच मी म्हणालो होतो की आता बास, वहिनींना तरी सांग.

इथूनच आपलं भांडण. तू आधी क्लासचं कारण पुढं केलंस. पोरांचे आईबाप लग्नात बघतील, सर हळदीत वाजवतात म्हणतील, मालक बोलवून घेईल. हे मला पटलं. पण वहिनी काय क्लासमध्ये होत्या? मग तू खरं कारण सांगितलंस. "बाला, हे वाजवणं न्हाई. खरी गिटार हातात दिली तर तू न् मी सारखेच अडाणी. आवाज ॲपचा हाय. मी नुसतं काचेवर बोट फिरवतो. बायकोला काय सांगू, मी बोट फिरवतो म्हणून?" मी म्हणालो, त्या म्हाताऱ्याबरोबर ॲप थांबत होतं का? तू म्हणालास, "ते सोड." कितीदा तरी हे बोलणं झालं आणि कितीदा तरी तू ते सोड म्हणालास. शेवटच्या फोनवर मी चिडून सांगितलं की ह्या खेपेला माईकवरून तुझं नाव घेणार. तू म्हणालास, घे, मी येणारच न्हाई. मग जरा थांबून म्हणालास, "बघू."

दोन दिवसांनी वर्गात फळ्यासमोर उभ्या उभ्या खाली बसलास. पोरांना वाटलं खडू पडला.

तुझ्या दहाव्याला सगळे नदीवरून परतले, जेवणं उरकली, तेव्हा वहिनींनी मला आत बोलावलं. दाराआड उभं राहून विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. मी आता कोणाशी भांडणार हाय? कार्यक्रमात ते कोणाशी बोलत होते?" त्या म्हणाल्या, "फोटोत बघावं तर फोन हातात. मी लावावं तर लागत न्हाई. दोन दोन घंटे. असं दोन वर्षं चालू होतं. मी काय येडी हाय का?"

विलास, त्यांनी हे दोन वर्षं मनात ठेवलं होतं. तुला कधी विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस.

मी म्हणालो, कोणी नव्हतं वहिनी, देवाशप्पथ, तो वाजवत होता. "मित्र हाव तुम्ही त्यांचे," त्या म्हणाल्या. "तुम्ही असंच सांगणार." तेवढ्यात कुणीतरी पाणी मागायला आलं.

म्हणून मी क्लासच्या शोकसभेत बोलायचं ठरवलं. शपथ मोडायची तर चारचौघांत मोडायची, म्हणजे वहिनींना विश्वास बसेल. बाकांवर पोरं, मागं पालक, पुढं वहिनी. क्लासच्या मालकांनी घोषणा केली की सरांचे जिवलग मित्र, आपल्या भागातले नावाजलेले गिटारवादक आता सुरांनी श्रद्धांजली वाहतील. मी गिटार गळ्यात घातली, वायर लावली आणि नेहमीसारखा हात हलवला. काही आलं नाही. स्पंजात दबलेल्या तारांची नुसती थपथप. मी थांबलो नाही, हलवत राहिलो. लोकांनी बघावं म्हणून. मुजीबभाई धावत आला, वायर काढून पुन्हा खोचली, पुन्हा काढली. मग तोंडावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाला, "सेटिंगवाले सरच नै ना आज. आवाज कहाँ से आयेंगा?"

मागची रांग रडायला लागली.

मी माईक ओढला आणि सगळं सांगितलं. गिटार कधीच वाजत नव्हती, मी फक्त हात हलवायचो, वाजवायचा तो विलास, ह्या ह्या ॲपवर, स्टुलावर बसून. एक शब्द गाळला नाही. मालकांनी पुढं येऊन माझा खांदा धरला. "बघा," पोरांकडं वळून म्हणाले, "स्वतःचं मोठेपण मित्राच्या पायावर वाहायला काळीज लागतं." आणि सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. त्या शांततेत मी गळ्यात मुकी गिटार घेऊन उभा. वहिनी खाली बघत होत्या. खोटं दोन वर्षं चाललं, खरं दोन मिनिटंही चाललं नाही.

आता रोज फोन येतात. लोकांनी त्या सभेची क्लिप एकमेकांना पाठवली आहे. मित्रासाठी हात थांबलेला गिटारवाला आमच्याकडं पाहिजे म्हणतात. हात दुखतो म्हटलं तर थांबू म्हणतात, बरं होऊ द्या.

काल, तेरावा आटोपल्यावर, तुझ्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि तुझा मोबाईल आणून माझ्यासमोर ठेवला. "मुजीबभाई म्हणत होते ते सेटिंग ह्यातच हाय. तुम्ही घेऊन जा. तुमचं वाजवणं बंद नको पडायला."

मी तो परत सरकवला. ॲप उघडलं. म्हणालो, तुम्हीच बघा. इथं अंगठा, इथून बोट ओढा. त्यांनी ओलं बोट पदराला पुसलं आणि भीत भीत ओढलं.

वाजली रे. सगळ्या खोलीत गिटार वाजली. गोल, भरलेली, जशी दुकानात नवी वाजवून दाखवतात तशी. वहिनी दचकल्या. पुन्हा ओढलं, पुन्हा वाजली.

"हे तर आपोआप वाजतंय," त्या म्हणाल्या. "ह्यात त्यांनी काय केलं?"

तुझाच प्रश्न. तुझ्याच घरात, तुझ्या मोबाईलवर. आणि उत्तर द्यायला मी एकटा. मी म्हणालो, थांबा, दाखवतो. बिलोलीच्या म्हाताऱ्याचं ते गाणं डोक्यात धरलं आणि बोट लावलं. वार्निशनं आणि तांब्याच्या तारेनं निबर झालेलं माझं बोट काच मानतच नाही. एकदा लागलं, एकदा लागलंच नाही. अंगठा वेळेवर दुसऱ्या बटणावर जाईना. थांबायचं कुठं तेच कळेना. दाराच्या बेलसारखं काहीतरी वाजत राहिलं. तरी मी सोडलं नाही, घाम फुटेपर्यंत ओढत राहिलो. तुझी लाज राखायची होती, तिथं माझी निघाली.

वहिनी बराच वेळ माझ्या हाताकडं बघत होत्या.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला तर येत न्हाई की."

"न्हाई येत, वहिनी."

"अजिबात?"

"अजिबात."

चहा उतू गेला तरी त्या उठल्या नाहीत. "मग बिलोलीला त्या आजोबांच्या मागं..."

"हाव. तोच."

"मी समोर होते," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडं बघत होते सारा वेळ. आणि त्यांनाच बोलले." मग पदर तोंडाला लावून त्या रडल्या. तू गेलास त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. मला वाटलं, सुटलो. एकदाचं त्यांना कळलं, तूही सुटलास. तुझा राग जरा कमी झाला माझ्या मनातला. गाडीतल्या त्या इअरफोनसाठी, कुणाला न ऐकवलेलं आधी मला ऐकवल्यासाठी, तुझे उपकार मानायचे राहिले होते, तेही तिथंच बसून मानले.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "ते वाजवलेलं कुठं ठेवलंय ह्यात?"

कुठंच नाही. तू कधी साठवलं नाहीस. लग्नाच्या शूटिंगवर सगळ्यांनी वरून सिनेमातली गाणी चढवलीत. लोकांच्या मोबाईलमधल्या क्लिपांत ढोलकी आहे, आरडाओरडा आहे, मी आहे. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मोबाईल उचलून, पडदा पुसून, माझ्या हातात दिला.

"तुम्ही रोज शेजारी होता त्यांच्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तरी आठवत असंल. एकदाच वाजवा ना भाऊजी, ते वाजवायचे तसं."

मी काचेवर बोट ठेवलं, विलास, आणि ओढलं नाही. वहिनी ऐकायला बसल्या होत्या.